बिनबुडाचा करंडा

भरीव वस्तू आतून पोकळ करणे हे दिसते तितके सोपे काम नाही. माणसाच्या बाबतीत ते आपोआप होते, आमच्या हेडमास्तरांकडे पाहिले की पटते. लाकूड मात्र अडून बसते. हे मी अनुभवाने सांगतो, कारण भाची मुक्तीच्या रुखवतासाठी स्वतःच्या हाताने लाकडी करंडा कोरून देईन, असे मी तिच्या साखरपुड्यात भर पंगतीत जाहीर केले होते.

दोष माझा नाही, दाजींचा आहे. माझी थोरली बहीण, आक्का, देवळाली प्रवऱ्याला दिलेली. दाजींचे नाव सूर्यभान. ऊसवाले बागायतदार, आवाज मोटेवर कमावलेला. त्यांनी वाढप्याला थांबवून मला विचारले, "मास्तर, थोरल्या पोरीच्या लग्नात तुमी भिंतीवरचं घड्याळ दिलं. तवापास्नं त्यात पावणेतीनच वाजल्यात. पोरगी म्हनती, मामाच्या घड्याळात जेवायची येळच हुत न्हाई. औंदा काय आनताय?"

पंगत हसली. मी राहात्याच्या हायस्कुलात भूमिती शिकवतो. हसणाऱ्यांत माझे दोन माजी विद्यार्थी होते, ते जास्त लागले. मी म्हणालो, "यंदा विकतचे काही नाही. कुंकवाचा करंडा देईन. अखंड लाकडात, माझ्या हाताने कोरलेला."

माझी बायको मनकर्णा जिलबी वाढत होती. तिचा हात हवेतच राहिला. मला पेन्सिलीला टोक काढता येत नाही, हे त्या मांडवात फक्त तिला माहीत होते.

हात धुवायला मागे गेलो तर आक्का चुलीपाशी एकटी बसलेली. "बापू, करंड्याचं काय यवढं न्हाई रे," ती म्हणाली. "माझा गहिनी लग्नाला पायजे. लढाई झाल्यापास्नं घरला आला न्हाई. त्याची रजा बघून मुहूर्त धरा म्हनलं, तर तुझे दाजी म्हनत्यात, मुहूर्त काय फौजेला इचारून धरायचा? मुक्तीबी रडती, भाऊ नसला तर कान कोन पिळनार म्हनून. तू मामा हाय. कायतरी कर."

लग्न लागताना नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, ही आमच्याकडची रीत. गहिनीनाथ तिचा एकुलता भाऊ, कुठल्याशा सरहद्दीवर. मी म्हणालो, "करतो." दाजींशी बोलायला म्हणून वळलोही, पण ते कुणावर तरी ओरडत होते, म्हणून तो विषय पुढे ढकलला. करंड्याचे काम त्या मानाने सोपे वाटले.

राहात्यात बाबाजान कातारी होते. पलंगाचे पाय, पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे अशा कातकामात त्यांचे सारे आयुष्य गेलेले. त्यांनी माझी हकीगत ऐकली, विडी विझवली आणि सांगितले, "शिवणीचं लाकूड आना. हलकं असतं, कोरायला गोड. राजूरच्या बाजारात भेटंल."

राजूरला लाकूड मिळाले. चांगला घागरीएवढा ओंडका. तो मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो आणि वाटेत फॉरेस्टच्या नाक्यावर गाडी थांबली. आत आलेल्या कारकुनाने ओंडक्यावर बोट ठेवले. "हे काय?"

"करंडा."

त्याने ओंडका चहूकडून फिरवून पाहिला. "उघडतो कुठून?"

"अजून उघडत नाही. कोरायचा आहे."

"म्हणजे आज रोजी भरीव आहे."

"आज रोजी आहे."

"भरीव म्हणजे लाकूड. लाकडाला पास लागतो. पोकळ असतं तर भांडं झालं असतं. भांड्याला पास नाही. तुम्ही असं करा, पोकळ करून आणा."

"अहो, पोकळ करायलाच तर नेतोय!"

"मग पास दाखवा."

पास देणारे साहेब दौऱ्यावर होते. ते केव्हा येतील हे साहेबांनाच माहीत, आणि साहेब कुठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हते. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा. गाडीतले लोक माझ्याकडे चंदनचोराकडे पाहावे तसे पाहू लागले. तेवढ्यात मागून कोंबड्यांची पाटी घेतलेल्या गोजरबाई नावाच्या म्हातारीने तोडगा काढला. "मास्तर, बुडाखाली घ्या की त्याला. बसायचा ठोकळा झाला. त्याला कशाला पास लागतुया?"

कारकून विचारात पडला. "बसा बघू," तो म्हणाला. मी ओंडका मधल्या वाटेत ठेवून बसलो. त्याने एक प्रदक्षिणा घातली. "ठीक. बसण्याचा ठोकळा, वापरातला. पण उतरेपर्यंत वापरात राहिला पाहिजे. कंडक्टर, लक्ष ठेवा."

कंडक्टर कर्तव्यदक्ष निघाला. निम्मी गाडी रिकामी झाली तरी त्याने मला उठू दिले नाही. संगमनेरच्या स्टँडवर माझ्याच वर्गातली दोन मुले चढली. "सर, इथे जागा आहे," एक म्हणाला. "नको, मला इथेच बरे वाटते," मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझे नाव 'ठोकळे सर' पडले. माझे आडनाव यापेक्षा पुष्कळ चांगले आहे.

बाबाजाननी ओंडक्याला नाक लावले. "वलं हाय. वलं कोरलं तर वाळताना तडकंल. आधी सावकाश वाळवा." झाले! आमच्या आळीत लाकूड वाळवण्याची विद्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, हे मला तेव्हा कळले. शेजारचे राधाकृष्ण नाना, रिटायर तलाठी, म्हणाले, "गव्हात पुरा." समोरच्या छबूबाई म्हणाल्या, "शेनानं लिंपा." कोणी तेल पाजायला सांगितले. गहू आणायचा कुठून? बहात्तरचा दुष्काळ नुकता सरत होता आणि घरात होता तो रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. मनकर्णा म्हणाली, "मिलोत पुरा. खात तर कोणी नाही, तेवढा तरी उपयोग होईल." मी कोणाचेच मन मोडले नाही. ओंडक्याचे दोन तुकडे केले, तेल पाजले, शेणाने लिंपले आणि मिलोत पुरले. पुढे त्या मिलोची भाकरी पहिल्यांदाच चवीला बरी लागली. का, ते आम्ही कोणी विचारले नाही.

त्यातला एक तुकडा भर दुपारी फाटकन फुटला. ब्लॅकआउटच्या दिवसांतल्या सवयीने नाना खाटेखाली गेले आणि सगळे शांत झाल्याची खात्री पटेपर्यंत बाहेर आले नाहीत. दुसरा तुकडा मात्र टिकला. तो घेऊन मी बाबाजानकडे गेलो.

त्यांचा खराद जुन्या पद्धतीचा होता. लाकडाला चामड्याची वादी गुंडाळायची, एकाने ती पुढे-मागे ओढायची, लाकूड गरगर फिरते, आणि कारागिराने हत्यार टेकवायचे. लाकूड आपल्याकडे येताना टेकवायचे, उलटे जाताना उचलायचे. बाबाजाननी बाहेरून करंड्याला असा काही सुबक आकार दिला, की मी मनातल्या मनात दाजींच्या पंगतीला उत्तर देऊनही टाकले. मग त्यांनी त्याचे बूड लाखेने एका ठोकळ्याला चिकटवले आणि हत्यार माझ्या हातात दिले. "आतलं तुमी करा."

"मी? अहो, तुम्ही एवढे कारागीर—"

"मास्तर, खरं सांगू? मी जल्मभर भरीव काम केलं. पोकळ कधी केलंच न्हाई. अब्बा करायचे. ते काय म्हनायचे तेवढं मला तोंडपाठ हाय."

अब्बांचे शास्त्र असे: आधी गिरमिटाने बरोबर मधोमध भोक पाडायचे. किती खोल जायचे तिथे गिरमिटाला चिंधी बांधून ठेवायची, चिंधी टेकली की थांबायचे. मग वाकड्या टोकाची आकडी त्या भोकात घालून मधून कडेकडे कोरत जायचे. करंड्याचे तोंड अरुंद आणि पोट मोठे, तेव्हा आतले काही दिसत नाही. "आत बघायचंच न्हाई," बाबाजान म्हणाले. "ऐकायचं. जाड असंल तवर धप्प बोलतं. पातळ झालं की टन्न बोलतं. टन्न आलं की हात आखडायचा."

भोक पाडण्याचे काम माझ्या विषयातले होते. मी कंपास लावून मध्य काढला. बूड अर्धे बोट राखायचे, असा हिशेब करून पात्यापासून मोजून चिंधी बांधली. चिंधी टेकताच थांबलो. बाबाजानसुद्धा म्हणाले, "हिशेब म्हंजी हिशेब!"

कोरताना अडचण आली ती नानांची. वादी ओढायला एरवी बाबाजानच्या पत्नी हमिदाबी असत. त्यांचा खांदा दुखत होता, म्हणून नाना हौसेने आले. नाना ओढत चांगले, पण बोलत फार. मी कान लावून धप्प की टन्न ऐकावे, तर ऐकू येई ते एकोणीसशे बावन्न सालचे पीकपाणी. गोष्टीत प्रांतसाहेब आले, की नाना वादी उलटी ओढत. अशाच एका क्षणी आकडी आतल्या बाजूला रुतली, दांडा वर उसळला आणि माझ्या नाकावरचा चष्मा उडून पडवीतल्या चुलीवर हमिदाबींच्या कालवणात पडला.

त्यांनी तो पळीने काढून दिला आणि पळीतला रस्सा चाखला. "फुटला न्हाई," त्या म्हणाल्या, "पन मीठ कमी हाय म्हनून समजलं."

तेलकट चष्म्यातून काही दिसेना, पण नाहीतरी आत बघायचेच नव्हते. काही दिवस शाळा सुटली की मी तिथे. हाताला फोड आले, मानेला लचक भरली, मनकर्णा केसांतून भुसा झाडून काढी. आणि एका संध्याकाळी, नाना ठसका लागून गप्प झाले असताना, करंडा स्पष्ट 'टन्न' बोलला. खोटे कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आले. बाबाजाननी झाकण केले, लाख तोडून करंडा मोकळा केला, आणि मी तो पदकासारखा छातीशी धरून घरी आलो.

मनकर्णाने तो हातात घेतला. आतून बोट फिरवले. मग दाराकडे तोंड करून डोळ्याला लावला. "अहो," ती म्हणाली, "यातून छबूबाईंचं घर दिसतंय."

बुडाला भोक होते. ज्वारीच्या दाण्याएवढे, वाटोळे, आणि कंपास लावून पाहिले तर बरोबर मध्यावर. इतका अचूक मध्य मी फळ्यावरही कधी काढलेला नाही. झाले होते ते असे: गिरमिटाच्या पात्यापुढे मळसूत्राची एक बारीक चोच असते. मी मोजले पात्यापासून. चोच तेवढीच पुढे निघून गेली होती. बाबाजानना सांगितले तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अब्बा चोचीचं कायतरी सांगायचे बघा. आत्ता आठवलं!"

लग्न तोंडावर आलेले. मी मेणबत्तीचे मेण वितळवून भोक बुजवले, वरून चकचकीत घासले आणि आम्ही देवळालीला गेलो.

सकाळीच गहिनीची तार आली होती: निघालो आहे, आज पोचतो. मुहूर्त गोरजाचा. बेलापूर स्टेशनावर उतरून पुढे मिळेल त्या वाहनाने यायचे. गाडी वेळेवर असली तर जमले, नाहीतर नाही. आक्का कामात हात घालत होती आणि कान रस्त्याला लावून होती. मी दाजींना एका बाजूला गाठून म्हणालो, "दाजी, तासभर इकडे-तिकडे झाले तर?"

"मास्तर, गोरज म्हंजी गोरज. मुहूर्त कुनासाठी थांबत न्हाई," ते म्हणाले आणि ताडताड निघून गेले. मामा या नात्याने मी एवढेच करू शकलो.

रुखवताच्या टेबलावर मधोमध माझा करंडा, कुंकवाने भरलेला. लोक झाकण उघडून पाहत होते, वा वा म्हणत होते. मी जवळच उभा होतो, कोणी कारागिराची चौकशी केली तर सापडावा म्हणून. पण वैशाखाचे ऊन मांडवाच्या पत्र्यातून उतरत होते आणि मेण हे शेवटी मेण असते. दुपार कलता दाजी व्याह्यांना घेऊन आले आणि, हे मला कबूल केले पाहिजे, चांगल्या मनाने करंडा उचलून म्हणाले, "हे आमच्या मास्तरांच्या हातचं हाय बरं का!"

उचललेल्या करंड्याच्या बुडातून कुंकवाची सरळ, बारीक, अखंड धार व्याह्यांच्या नव्या कोऱ्या धोतरावर पडू लागली.

दाजींनी झाकण काढून उरलेले कुंकू ताटात ओतले. भोकातून माझ्याकडे पाहिले. "मास्तर, ह्याला बूड न्हाई!"

सगळा मांडव वळला. माझे दोन माजी विद्यार्थी तिथेही होते. अशा वेळी माणूस काय बोलतो त्याचा हिशेब नसतो. मी म्हणालो, "नसायचेच. करंडा नाहीच तो. घटिकापात्र आहे."

पूर्वी घड्याळे नव्हती तेव्हा बुडाला भोक असलेली वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडत. भोकातून हळूहळू पाणी शिरते, वाटी भरते, बुडते. बुडाली की घटका भरली, आणि मग सावधान. हे मला माहीत होते. ती वाटी तांब्याची असते, हेही माहीत होते. पण त्या क्षणी आठवले नाही.

ते ऐकून लग्न लावायला आलेले रंगनाथ गुरुजी चक्क उठून आले. वय झालेले, चष्म्याची भिंगे पेल्याच्या बुडाएवढी जाड. "घटिकापात्र!" त्यांचा आवाज कापत होता. "माझं वडिलांच्या वेळचं हरवलं, तेव्हापासून ही मनगटावरची भुतं बघून लग्नं लावतोय मी. मामा, धन्य आहात. आज मुहूर्त घटिकेवरच!"

सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा गुरुजींनी मंत्र म्हणून, झाकण काढलेला करंडा पाण्यावर सोडला. भोकातून पाण्याची चूळ वर आली. बायकांनी हात जोडले. करंडा थोडा भरला, अर्धा भरला आणि थांबला. शिवणीचे लाकूड हलके, कोरायला गोड आणि तरंगायला त्याहून गोड. तो घंगाळात डौलाने इकडून तिकडे फिरू लागला.

सूर्य बुडाला. करंडा बुडाला नाही. नवरदेवाचे बाशिंग घामाने सुटायला आले. वाजंत्री एकदा वाजवून थकले. पंगतीच्या आशेने आलेली मंडळी घंगाळाभोवती वाकून करंड्याला मनापासून बुडण्याचा आग्रह करू लागली.

"थोडं ढकला की," कोणी म्हणाले.

"हात लावायचा नाही!" गुरुजी कडाडले. "घटिकेला हात लागला तर दोष आहे. ती भरेल तेव्हा भरेल."

मी नवरीच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. मामाने नवरीला मांडवात आणायचे असते, म्हणून. आतून मुक्तीचे हुंदके ऐकू येत होते. दाजी माझ्याकडे येऊन दात खात म्हणाले, "थोरलीला घड्याळ दिलं, ते बंद पडलं. हिला घटका दिली, ती बुडंना! मास्तर, तुमचं आन येळंचं काय वाकडं हाय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. तेवढ्यात व्याह्यांचा धीर सुटला. ते लाल धोतरानिशी उठले, मांडवाच्या कडेचा एक दगड उचलला आणि म्हणाले, "सूर्यभानराव, बास झालं. हा टाकतो आत, म्हंजी बुडंल."

दाजी तीरासारखे गेले. मला वाटले स्वतःच दगड टाकतात. पण ते घंगाळाच्या आडवे उभे राहिले. "खबरदार कुनी हात लावला तर! गुरुजी म्हनत्यात ना भरंल तवा भरंल?"

बोलत होते घटिकेबद्दल, आणि बघत होते रस्त्याकडे. तेव्हा मला कळले की त्या घरात सकाळपासून रस्त्याला कान लावून बसलेली आक्का एकटी नव्हती.

अंधार पडू लागला. गुरुजी डोळे दुखून आले म्हणून चष्मा काढून उपरण्याने पुसत होते. त्याच वेळी रस्त्यावर टेम्पो थांबल्याचा आवाज झाला आणि धुळीने माखलेला, ट्रंक खांद्यावर घेतलेला गहिनी मांडवात शिरला. त्याने कोणाकडे पाहिले नाही. समोर पाण्याने भरलेले घंगाळ, त्यात तरंगणारे भांडे. दिवसभर तहानलेला माणूस. त्याने ट्रंक टाकली, करंडा उचलला, पाण्यात बुचकळला आणि तोंडाला लावला.

गुरुजींनी चष्मा चढवला. घंगाळात बघतात तर काही नाही.

"बुडाली!" ते गरजले. "घटिका बुडाली! मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!"

अख्ख्या मांडवाने पाहिले होते. कोणी ब्र काढला नाही. मी गहिनीच्या हातातून करंडा ओढून कोटाच्या आत दडवला आणि मुक्तीला घेऊन आलो. तिने अंतरपाटापाशी भाऊ बघितला आणि भर मांडवात रडत रडत हसली. मी तिच्या पाठीशी उभा. गुरुजींनी त्या दिवशी मंगलाष्टके फार रंगवून म्हटली आणि तेवढा वेळ करंड्यातले उरलेले पाणी बरोबर मध्यावरच्या भोकातून माझ्या पाटलोणीवर उतरत राहिले. फोटोत ते स्वच्छ दिसते. बघणारे काय समजतात ते समजतात, मी खुलासा करत नाही.

गहिनीने नवरदेवाचा कान असा पिळला की व्याही पुन्हा उठले. हशात अक्षता संपल्या. पंगती बसल्यावर मी करंडा आक्काच्या हातात देऊन म्हणालो, "आक्का, चुकलंच माझं. लाकडाचं पात्र कधी बुडत नाही, एवढं साधं मला सुचू नये?"

आक्काने करंडा पदराने कोरडा केला. भोकात बोट घालून पाहिले. पलीकडे दाजी स्वतःच्या हाताने गहिनीला जिलबी वाढत होते आणि तो नको नको म्हणत असताना वाढतच होते.

"बूडच न्हाई त्याला," आक्का म्हणाली, "बुडंल कसं?"